खिसेताईचा डबा

आमच्या गल्लीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. मोठी माणसं इस्त्रीवाली म्हणायची आणि पोरं खिसेताई. कपड्यांचं गाठोडं तिच्या टेबलावर पडलं की इस्त्री तापेपर्यंत ती एकेक खिसा उलटा करायची. अस्तर बाहेर ओढायचं, कोपऱ्यातला भुगा झटकायचा, अस्तर परत आत. खिशात राहिलेलं एक पेन चांगल्या शर्टाचं वाटोळं करतं, हे ती धंद्याच्या पहिल्याच महिन्यात शिकली होती.

पण सापडेल ते ती फेकत नसे. किल्ल्या, बटणं, बसची तिकिटं, दोन गोळ्या उरलेली औषधाची पट्टी. प्रत्येक वस्तू छोट्या कागदी पाकिटात जायची, पाकिटावर गाठोड्याचा नंबर पडायचा, आणि पाकीट बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. कपडे न्यायला माणूस आलं की आधी डबा उघडायचा. तिच्या लांबरुंद वहीत चार रकाने होते. नंबर, घर, कपडे, आणि शेवटचा 'खिशात'. वस्तू मिळाली म्हणून त्या चौथ्या रकान्यात सही करावी लागे.

"अगं, तिकीट वापरलेलं आहे. फेकून दे की," मी एकदा म्हटलं.

"मी कोण फेकणारी, काकू? तुमचं तिकीट, तुम्ही फेका. इथे सही करा."

"फेकायला सही?"

"मिळालं म्हणून सही. मग खुशाल फेका."

कोपऱ्यावरच्या आजोबांची खालची कवळी एकदा कोटाच्या खिशात आली होती. तीही पाकिटात, नंबर घालून. आजोबांनी सही केली आणि म्हणाले, "दात मिळाले, आता चणे शोधायला जातो." ती हसली नाही, कारण तेव्हा ती कॉलरवर इस्त्री फिरवत होती. कॉलरवर असताना ती हसत नसे. बाही आल्यावर हसली.

माझ्या आईच्या कानातला मोती तिने मला असाच परत दिला होता, गाउनच्या खिशातला. तो हरवलाय हे मला कळलंही नव्हतं.

ही पद्धत का, ते तिने मला सांगितलं होतं. नवरा गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची. दुकान पुढे, पडद्यामागे एक खोली, एवढाच संसार. "एकट्या बाईच्या दुकानात कुणाचं काही हरवलं की लोक आधी माझ्या हाताकडे बघणार," ती म्हणाली. "म्हणून सही. सही असली की तोंडं बंद."

मुलीला सगळे मुंगी म्हणत. नऊ वर्षांची, बारीक, सतत काहीतरी इकडून तिकडे नेत असलेली. शाळेतून आली की इस्त्रीच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. तिथे ऊब असायची.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू होता. त्याला कॉलर पुठ्ठ्यासारखी लागायची, म्हणून खिसेताईने त्याचं नाव कडककॉलर ठेवलं होतं. त्याच्या पँटचा नंबर दोनशे चौदा. त्या दिवशी मी दुकानात उभी होते. तिने मागच्या खिशातून नखाएवढी प्लास्टिकची पुडी काढली. आत पांढरी पूड.

"काकू, हे काय असेल हो?"

मी हातात घेऊन उजेडाला धरली. आमचे हे होते तेव्हा पोटासाठी अशाच पुड्या घ्यायचे. "औषध असेल," मी म्हटलं. "पित्ताचं वगैरे."

तिने पाकीट केलं, नंबर घातला, वहीत लिहिलं. एवढंच. मी गाउन ठेवून घरी आले.

त्यानंतर पंधरा दिवस गल्लीतून कर्णा लावलेली गाडी फिरत होती. नशा हद्दपार करा, माहिती द्या, वस्ती स्वच्छ ठेवा. भिंतींवर कागद लागले. चांगलंच आहे, असं मीही म्हणाले. वाईट म्हणण्यासारखं त्यात काय होतं? वरून प्रत्येक ठाण्याला आकडा दिलाय, असं कुणीतरी म्हणत होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मंगळवारी दुपारी ते आले. चार पुरुष आणि एक पोलीसबाई. गल्लीतली सात घरं बघितली, आठवं तिचं दुकान. साहेबाने डबा उघडला. नंबर घातलेली पाकिटं, ओळीने लावलेली. तीन-चारांत गोळ्या आणि एकात ती पुडी.

"हे कुणाचं?"

"लोकांचं आहे. परत करायचंय."

"बघा," साहेब बाकीच्यांना म्हणाला, "माल नंबर घालून ठेवलाय. किती पद्धतशीर बाई आहे."

ती म्हणाली, "साहेब, वही बघा ना. वहीत सगळं लिहिलंय." त्याने वही उचलली, दोन पानं चाळली, घरांची नावं पाहिली आणि म्हणाला, "हे तर फारच उत्तम."

पोलीसबाई दारात आली. मी समोरच्या पायरीवर उभी होते. "काकू, जरा येता का? गल्लीतलं कुणीतरी प्रतिष्ठित माणूस लागतं सहीला. सापडलं ते तुमच्यासमोर सापडलं, एवढंच."

प्रतिष्ठित म्हटल्यावर माणूस पुढे होतो. मी झाले. चष्मा घरी होता. पाकिटं माझ्यासमोर होती, हे खरंच होतं. मी सही केली. ती पुडी मी आधी पाहिली होती, औषध असं मीच म्हटलं होतं, हे ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

तेवढ्यात मुंगी शाळेतून आली आणि सवयीने टेबलाखाली शिरली. पोलीसबाईने तिला दंडाला धरून बाहेर काढलं, कारण टेबलाखालीही बघायचं होतं. खिसेताई म्हणाली, "मुंगे, काकूंकडे जा. काकू, इस्त्रीचं बटण बंद आहे का बघा." आणि ती त्यांच्याबरोबर गेली. टेबलावर अर्धा इस्त्री झालेला शर्ट होता. बटण चालूच होतं. मी बंद केलं.

मुंगी माझ्याकडे दोन दिवस राहिली. जेवायला बस म्हटलं की बसायची, झोप म्हटलं की झोपायची. काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचे काका-काकू येऊन तिला घेऊन गेले.

मग पोलीस वहीतल्या घरांची दारं वाजवू लागले. नाव वहीत कसं? काय घ्यायचात तिच्याकडून? गल्लीने एका सुरात सांगितलं की आम्ही तिला ओळखत नाही. आमचे कपडे आम्ही घरीच धुतो, घरीच इस्त्री करतो. कवळीवाल्या आजोबांनीही तेच सांगितलं. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मी सही करणाऱ्यांतली होते.

दुकानाला कुलूप लागलं, पण जाळीतून आतलं सगळं दिसायचं. आडव्या दांडीवर कपडे टांगलेले होते, इस्त्री केलेले, नंबर लावलेले. गल्लीचे सगळे शर्ट. लोक येता-जाता आपापला शर्ट ओळखायचे आणि पुढे जायचे. धूळ आधी खांद्यांवर बसली, मग खाली उतरली. माझा गाउनही होता त्यात, निळा. मीही पुढे जायचे.

कडककॉलर छाप्याच्याच आठवड्यात खोली सोडून गेला होता, पँट न्यायलाही आला नव्हता. त्याला शोधायची गरज कुणाला नव्हती. पुडी सापडली होती आणि पुडीबरोबर माणूसही.

मी रोज देवापाशी बसून तिचं नाव घ्यायचे. देवाला सांगणं सोपं असतं, तो उलट प्रश्न विचारत नाही. वही त्यांच्याकडेच आहे, वाचतीलच कुणीतरी, असं मी मनाला सांगायचे. ज्याने वस्तू उचलून नेली तो ती बघेलच, असं मला वाटायचं. असे दहा महिने गेले.

दहाव्या महिन्यात मुंगीची काकू माझ्याकडे आली. खिसेताईची जाऊ. वाईट बाई नव्हती. तिला मूलबाळ नव्हतं आणि मुंगीसाठी तिने नवीन दप्तर घेतलं होतं, हे तिने आल्या आल्या सांगितलं.

"पोरगी आमच्या नावावर करून घ्यायचीय, काकू. शाळेत आईबद्दल विचारतात. किती दिवस ती मान खाली घालून बसणार? पुढच्या सोमवारी कोर्टात तारीख आहे. आईच्या केसबरोबरच ठेवलीय. गल्लीतल्या चांगल्या माणसाची सही हवीय."

"एकदा तुझ्याकडे गेली कायमची की परत यायची नाही," मी म्हटलं.

"परत यावी कशाला? कुठे? त्या कोठडीत?" ती म्हणाली आणि मग आवाज खाली आणून, "मी तिच्या वाईटावर नाही हो. पण पोरीने काय करायचं?"

ह्या वेळी मी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं की सदर बाई नशेच्या पदार्थांची विक्री करत असे, हे मला माहीत आहे.

"हे मला माहीत नाही," मी म्हटलं.

"असं काय करता? तुम्हीच तर आधी लिहून दिलंय." तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. छाप्याच्या दिवशीचा, झेरॉक्स. 'विक्रीसाठी क्रमांक टाकून ठेवलेली पाकिटे' असं त्यात होतं आणि खाली माझी सही. मोठी, वळणदार, शाळेत घोटून घेतलेली.

मी तो कागद दोनदा वाचला. मग म्हटलं, "चहा घेशील?" ती नको म्हणाली. मी सही केली नाही. ती जाताना दारात म्हणाली, "तेव्हा वाचायला हवं होतं, काकू." ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी खिसेताईच्या वकिलाकडे गेले. सरकारने दिलेला वकील, तरुण, टेबलावर फाइलींचा ढीग. दहा महिन्यांत तो तिला तीनदा भेटला होता, तेही उभ्याउभ्या. त्याने मला वहीची झेरॉक्स दाखवली. नंबर, घर, कपडे. पान तिथेच कापलेलं.

"चौथा रकाना कुठाय?"

"कुठला चौथा?"

"वही रुंद आहे. यंत्राच्या काचेवर मावली नसेल. खरी वही काढा. त्यात खिशात काय सापडलं ते लिहिलंय. समोर परत घेणाऱ्याची सही आहे. सगळ्या गल्लीची आहे. माझीही आहे."

त्याने झेरॉक्सची कापलेली कड बोटाने चाचपली. "हे तिने मला का नाही सांगितलं?"

"पहिल्याच दिवशी साहेबाला सांगितलं होतं, माझ्यासमोर. वही बघा म्हणाली होती."

सोमवारी कोर्टात मी दहा महिन्यांनी पहिल्यांदा तिला पाहिलं. केस बारीक कापलेले. दोन्ही हात शरीराला लावून उभी, तळवे पुढे, जणू कुणी आत्ता तपासणार आहे. माझ्याकडे तिने बघितलं नाही, मुंगीकडेही नाही. मुंगी जावेला चिकटून मागच्या बाकावर होती.

न्यायाधीश बाई होत्या, त्यांना सर्दी झाली होती. मला विचारलं, "छाप्याच्या कागदावर सही तुमची?"

"हो."

"वाचून केली होती?"

"नाही. चष्मा नव्हता."

"मग आज जे सांगताय ते तरी नीट बघून सांगताय का?"

मागे कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "माझं ऐकू नका, बाई. वही वाचा."

लाखेचं सील फोडलं. न्यायाधीश बाईंनी वही आडवी धरली आणि वाचायला लागल्या, आधी मनात, मग मोठ्याने. "एकशे साठ, किल्ली एक, मिळाली, सही. एकशे त्र्याऐंशी, कवळी खालची, मिळाली, सही. एकशे नव्वद, बसचं तिकीट, वापरलेलं..." त्या थांबल्या. "वापरलेलं तिकीटही?"

"हो," खिसेताई म्हणाली. त्या दिवसभरात ती एवढंच बोलली.

पानं उलटत दोनशे चौदावर आल्या. "पांढरी पूड. औषध असावं, काकू म्हणाल्या. परत देणे बाकी." त्यांनी मान वर केली. "या काकू कोण?"

हे तिने लिहून ठेवलंय, हे मला माहीत नव्हतं. दहा महिने ते सीलबंद पडून होतं. तिने वकिलाला किंवा साहेबाला माझं नाव सांगितलं असतं, तर मीही आत गेले असते.

"मी," मी म्हटलं.

माझा जबाब घेतला, त्यात अख्खी दुपार गेली. मला पुढे दोनदा ठाण्यात बोलावलं, तेवढ्यावर निभावलं. मुंगीचा अर्ज बाजूला ठेवला गेला. खिसेताई सुटली तिसऱ्या आठवड्यात. चुकून झालं, असं तिला कुणी म्हटलं नाही. एका कागदावर सही घेतली आणि जा म्हटलं. सही करण्याआधी तिने तो वाचला का, असं मी विचारलं. "वाचला," ती म्हणाली. "वाचून काय फरक पडणार होता?"

मुंगीला आणायला मी तिच्याबरोबर गेले. जाऊ रडत रडत मुंगीचे कपडे पिशवीत भरत होती. खिसेताईने पिशवी घेतली, सगळे कपडे बाहेर काढले आणि पुन्हा नीट घड्या घालून भरले. जावेला म्हणाली, "चांगलं सांभाळलंत, वहिनी." आवाजात काही नव्हतं, राग नव्हता आणि आभारही नव्हते.

दांडीवरचे कपडे तिने धुतले, परत इस्त्री केली आणि घरोघर नेऊन दाराच्या कडीला अडकवले. दार वाजवलं नाही. सही मागितली नाही. वहीतल्या सह्यांमुळेच गल्लीतल्या लोकांना ठाण्यात जावं लागलं होतं, ओळखत नाही असं खोटं का सांगितलं म्हणून. तो राग ते आम्हा दोघींवर काढतात. आता तिच्याकडे कुणी कपडे टाकत नाही. मला आजोबा रस्त्यात भेटले की कवळी सावरत बाजूला होतात.

आता ती हॉस्पिटलच्या चादरी करते. सकाळी गाडी येते, ढीग टाकते, संध्याकाळी नेते. "चादरींना खिसे नसतात," ती मला म्हणाली, "बरं असतं."

चादरींवर इस्त्री फिरवताना कधीकधी ती आतलं सांगते. मी विचारत नाही, तीच सांगते, भाव सांगावा तसं. पहिल्या दिवशी पोलीसबाईने सगळे कपडे काढायला लावून उकिडवं बसवलं आणि खोकायला सांगितलं, दोनदा. पाळी चालू होती, तर म्हणाली, बस, आम्हाला काय नवीन नाही. कोठडीत अकरा जणी होत्या. एकीच्या पलंगाखाली भावाची पिशवी सापडली, एकीच्या पिठाच्या डब्यात मुलाची. एकीचा नवरा मागच्या दाराने पळाला, ही चुलीपाशी होती.

"त्यातली एक म्हातारी म्हणायची," खिसेताईने सांगितलं, "जन्मभर ऐकलं, हे घर तुझ्या बापाचं नाही. छाप्याच्या दिवशी मात्र सगळ्यांनी विचारलं, हे घर तुझंच ना? आम्ही हसायचो."

"हसायचात?"

"हो. तिथे हसायला दुसरं काय होतं?"

तिने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही घडी घातली.

परवा दुपारी मी तिथेच होते. मुंगी शाळेतून आली. आता ती टेबलाखाली मावत नाही, पडद्यापाशी उभी राहते. तिने शाळेचा फ्रॉक टेबलावर ठेवला. "आई, हा उद्या लागणारे."

खिसेताईने चादर बाजूला केली, फ्रॉक पसरला. हात खिशापर्यंत गेला आणि शिवणीवर थांबला.

"खिसा बघ तुझा," ती म्हणाली.

"तू बघ ना. तू बघायचीस."

"मी आता बघत नाही."

मुंगी पुढे आली. तिने अस्तर बाहेर ओढलं, कोपऱ्यातला खडूचा भुगा झटकला, अगदी आई झटकायची तसा. आत बसचं एक तिकीट होतं, दुमडलेलं. तिने ते आईसमोर ठेवलं.

"फेकू?" खिसेताईने विचारलं.

"नको. पाकिटात घाल. मग मला दे. मी सही करते."

इस्त्रीचा लाल दिवा गेला, परत लागला.

"पाकिटं नाहीत आता," ती म्हणाली.

मुंगीने तिकीट उचललं आणि परत खिशात ठेवलं. खिसेताईने फ्रॉकला इस्त्री केली. आधी कॉलर, मग बाह्या, मग घेर. खिशाच्या कडेकडेने इस्त्री नेली, खिशावर टेकवली नाही.